लेकरांना घरातल्या घरात ख्रिस्ताच्या विश्वासात कसं वाढवायचं? आईबाप नेहमी विचारतात ते प्रश्न

सलाम सगळ्यांना. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, घरी कापूस, तूर, थोडं सोयाबीन, एक बैलजोडी, सासूबाई, नवरा आणि दोन लेकरं, मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी. आमची मंडळी एकवीस घरांची, पाळक साहेब तालुक्यावरून महिन्यातून दोन रविवार येतात, बाकीचे रविवार आम्हीच उपासना चालवतो. बारा वर्षं झाली मी संडे स्कूल घेऊन राहिले. बाया मला उपासनेनंतर चपला घालता घालता विचारतात, कधी वेचणीला गेलो की तासात, म्हणजे कापसाच्या ओळीत, कधी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉईस मेसेज येतो, आणि प्रश्न तेच तेच असतात. म्हणून एकदाचे सगळे इथं लिहून काढले.

आम्ही दोघंही सकाळी सातला वावरात जातो, संध्याकाळी येतो तर अंगात जीव नसतो. लेकरांना देवाचं शिकवायला वेळ कुठून आणू?

वेगळा वेळ काढूच नका, निदान सुरुवातीला तरी. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की ही वचनं लेकरांच्या मनावर बिंबवा, घरी बसले असाल तेव्हा, वाटेनं चालत असाल तेव्हा, निजताना आणि उठताना. आता हे ज्यांना सांगितलं ते गुरंढोरं वळणारे लोक, त्यांच्याकडे ना वर्ग ना टाइमटेबल, आणि या चारही गोष्टी तर आपण रोज करतोच.

आमच्या घरी सगळ्यात जास्त बोलणं बंडीत होतं, वावरात जाता-येता. येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला, बी वाटेवर, खडकाळीत, काट्यांत आणि चांगल्या जमिनीत पडते तो, मी संडे स्कूलमध्ये दहा वेळा सांगितला असेल पण माझ्या पोराला तो समजला वावरात, मृग लागल्यावर. बंडीवाट, वरच्या अंगाची बरड, धुऱ्यावरच्या बोरीच्या जाळ्या आणि नाल्याकडची काळी जमीन, चारही प्रकार आपल्याच वावरात आहेत, मी एक एक दाखवत गेले. तो तेव्हा सात वर्षांचा, हातात सरकीचं पाकीट, मला म्हणे, "माय, तो मानूस येडा होता का? वाटेवर काहून फेकलं बियाणं? आपण तं एक एक दाना टोबतो." मला काही सुचलं नाही. त्या काळी हातानं फोकून पेरायचे एवढंच सांगितलं, पण प्रश्न रात्रभर डोक्यात फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी टोबता टोबता त्याला म्हटलं, बियाणं महाग आहे म्हणून आपण मोजून टाकतो बापू, देव मोजत नाही, त्याला माहीत असते की ही जमीन कडक आहे तरी तो तिथंही टाकते. तो काही बोलला नाही, पुढच्या तासाला लागला. उत्तर लगेच सुचलं नाही तर दुसऱ्या दिवशी द्या, लेकरं वाट पाहतात.

मी चौथी शिकलेली. बायबल वाचताना अडखळते, लेकरंच मला चूक सांगतात. मी काय शिकवणार?

ताई, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त बाया विचारतात आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण कोणीतरी आपल्या मनात भरवून दिलं की विश्वास शिकवायला मोठं शिक्षण लागते. आपल्या यवतमाळातच युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, १९५३ पासून, १९८३ ला ती पुण्याला गेली, तिथं पाळकांना वर्षानुवर्षं शिकवायचे, आणि ते शिक्षण पाळकांना पाहिजेच. पण प्रेषित पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याला विश्वास कोणी दिला, तर आजी लोईस आणि आई युनीके, पौलानं तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात सुरुवातीलाच दोघींची नावं लिहिली आहेत.

अडखळत वाचा. लेकरांना दिसू द्या की माय अडखळते तरी वाचते. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ इब्री आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते कशासाठी, तर साध्या बायांना समजलं पाहिजे म्हणून, १९२२ ला त्या वारल्या आणि १९२४ ला ते छापून निघालं. आपल्यासारख्यांसाठी कोणी एवढी वर्षं घातली तर आपण लाजायचं नाही. आणि आता तर मोबाईलवर मराठी बायबल ऐकायलाही मिळते, भाकरी थापता थापता लावून ठेवा.

घरची प्रार्थना किती वेळ असावी?

लहान लेकरं असतील तर पाच-सात मिनिटं बस झाली. एक गाणं, चार-पाच ओळी वचन, प्रत्येकानं एक वाक्य प्रार्थना. जेवणाच्या आधीची तर त्याहूनही छोटी करा, ताट वाढलेलं, वरणावर साय धरून राहिली आणि बाप सगळ्या जगासाठी प्रार्थना करून राहिला, असं झालं तर लेकराला देव आणि भूक यांचं भांडण लागल्यासारखं वाटते. सगळ्या जगासाठी प्रार्थना जेवल्यावर करा, लेकरं झोपल्यावर करा.

वचन पाठ करून घ्यायला शिक्षा केली तर चालते का? आमच्या वेळी तर छडीच होती.

नाही. आणि हे मी स्वतः चुकून शिकले म्हणून सांगून राहिले.

मोठा आठ वर्षांचा होता, तालुक्याला मेळावा होता आणि त्यात त्यानं तेविसावं स्तोत्र म्हणायचं होतं. मी रोज संध्याकाळी त्याला चुलीजवळ उभं करायची, पाठ झाल्याशिवाय ताट नाही असं म्हणायची. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" इथपर्यंत बरोबर यायचं, पुढं मृत्युच्छायेच्या दरीत तो रोजच अडकायचा. म्हणजे पहा, मला काही उणे पडणार नाही हे तो उपाशी उभा राहून म्हणत होता आणि मला ते दिसलंच नाही. मेळाव्यात त्यानं न चुकता म्हटलं, टाळ्या मिळाल्या. पण त्यानंतर मी बायबल काढलं की तो गोठ्यात जाऊन बसू लागला, कधी बैलाला पाणी पाजायचं काढायचा, कधी पोट दुखते म्हणायचा.

सासूबाईंनी मला एका बाजूला घेऊन सांगितलं, "सूनबाई, माह्या मायनं मले हेच स्तोत्र शिकवलं, जात्यावर दळता दळता. एकेक ओळ. तिनं मले पाठ कर म्हणून कधी म्हटलंच नाई, तिच्या बरोबर म्हणता म्हणता झालं." पुष्कळ रडले मी त्या दिवशी. मग गोठ्यात गेले, त्याच्या बाजूला बसले आणि म्हटलं, माझं चुकलं, मला माफ कर. लेकराची माफी मागायला जीभ जड होते, पण मागा. इफिसकरांच्या पत्रात सहाव्या अध्यायात बापांना सांगितलं आहे की लेकरांना चिडवू नका, ते आयांनाही तेवढंच लागू आहे असं मी समजते.

आता आम्ही आठवड्याला एकच ओळ घेतो, ती चालीवर म्हणतो, शेंगा फोडताना, तूर सोलताना. कोणाला आली नाही तर बाकीचे म्हणतात. मोठा लगेच परत येऊन बसला असं नाही, वर्ष लागलं.

कोणत्या गोष्टी आधी सांगाव्या?

जिथं लेकराला हात लावता येईल अशी वस्तू आहे तिथून सुरू करा. जकातदार जक्कय येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला, आमच्या नाल्यावर उंबर आहे, लेकरं त्याच्यावर चढतातच, मी खालून आवाज दिला, "जक्कया, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी राहायचं आहे," झाली गोष्ट. हरवलेलं मेंढरू ज्याच्या घरी बकऱ्या आहेत त्या पोराला समजवून सांगावंच लागत नाही. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपतो ना आपण, वर आभाळ भरून चांदण्या, तेव्हा अब्राहामाची गोष्ट सांगा, उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातली, देवानं त्याला बाहेर नेलं आणि म्हटलं तारे मोजता येतात का पाहा. लेकरं मोजत मोजत झोपून जातात.

नरक, सैतान, शेवटचे दिवस हे पाच-सहा वर्षांच्या लेकराला सांगून घाबरवू नका. भीतीनं देवाजवळ आलेलं लेकरू भीती गेली की निघून जाते. त्याला आधी हे कळू द्या की येशूनं लेकरांना जवळ घेतलं होतं, शिष्य हाकलत होते तरी घेतलं, मार्कच्या दहाव्या अध्यायात आहे.

पोळा, तान्हा पोळा, गणपती, भुलाबाई. गावातली सगळी पोरं जातात, आमच्या लेकरानं जावं का? प्रसाद खावा का?

याच्यावर आमच्याच मंडळीत दोन मतं आहेत, त्यामुळं मी फक्त आमच्या घरचं सांगते.

पोळ्याला आमची बैलजोडी आम्ही सजवतो. खांदे शेकतो, आंघोळ घालतो, शिंगं रंगवतो, पुरणाची पोळी खाऊ घालतो, त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाही. पूजा करत नाही, त्यांच्या मानेवर हात ठेवून देवाचे आभार मानतो. आणि यासाठी बायबलमध्ये जागा शोधत फिरावं लागत नाही, अनुवादच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे तिथं स्पष्ट लिहिलं आहे की तुझ्या बैलानंही काम करायचं नाही, पंचविसाव्या अध्यायात आहे की मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको. नीतिसूत्रांत आहे की नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाला जपतो. हे मी पोरांना दरवर्षी पोळ्याच्या सकाळी वाचून दाखवते, बैल धुताना.

तान्ह्या पोळ्याला धाकटी लाकडाचा बैल घेऊन पोरींसोबत घरोघर जाते, बोजारा, म्हणजे घरोघरचा खाऊ-पैसे, गोळा करते, मला त्यात काही वाईट दिसत नाही, बैलाचं कौतुक आहे ते. भुलाबाईची गाणी ऐकायला जाते, खाऊ ओळखायच्या वेळी तर पहिली असते. गणपतीत आरतीला आमची लेकरं उभी राहत नाहीत, पण मंडपाची झाडझूड करायची असली, पाणी भरायचं असलं तर मोठा जातो, गावाचं काम आहे. प्रसादाचं म्हणाल तर करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय आधी दोघा नवराबायकोंनी मिळून वाचा, पौलानं दोन्ही बाजू मांडल्या आहेत, खाण्यानं आपण देवाजवळ जात नाही हेही आणि माझ्यामुळं दुसऱ्या भावाचा विश्वास डळमळू नये हेही. घरात आईचं एक आणि बापाचं दुसरं असं नको, लेकरू मधे सापडते.

एक गोष्ट मात्र आमच्या घरी पक्की आहे. कोणाच्या देवाला नाव ठेवायचं नाही, हसायचं नाही. शेजारच्या काकू माझ्या बाळंतपणात दीड महिना डबा देत होत्या, त्यांच्या देवघरासमोरून जाताना माझ्या लेकरानं तोंड वेडंवाकडं केलं तर मी त्याला काय शिकवलं मग?

शाळेत पोरं म्हणतात, तुमचा देव इंग्रजांचा, तुम्ही बाटलेले. लेकरू रडत येते.

आधी जवळ घ्या, इतिहास नंतर. मग सांगा की येशू जन्मला बेथलेहेमात, ते आशियातच आहे. नागपूरला स्टीफन हिस्लॉप १८४५ ला आले हे खरं, ते स्कॉटलंडचे होते, त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे, पण विश्वास ठेवणारे आपलेच लोक होते आणि त्यांनी तो आपल्या भाषेत आणला. मराठीत नवा करार १८११ ला छापला गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या, ओवीच्या चालीत भजनं लिहिली, आपण पेटी-तबला, टाळ घेऊन म्हणतो ती.

हे पोरांशी भांडून जिंकायला सांगायचं नाही. लेकराच्या मनात एवढं बसलं पाहिजे की मी या मातीतलाच आहे, माझी भाषा तीच, भाकर तीच. आणि रोजच त्रास होत असेल तर शाळेत जाऊन गुरुजींना शांतपणे सांगा, लेकरावर सोडून देऊ नका.

खरं बोलावं, लबाडी करू नये, हे सांगून सांगून थकलो. लेकरांच्या डोक्यात शिरतच नाही.

सांगणं थोडे दिवस बंद ठेवा.

आमच्या घरी एक वर्ष खूप ओढाताण होती, सोसायटीचं कर्ज, सासूबाईंचं ऑपरेशन. गावात येऊन कापूस विकत घेणारा खेडा खरेदीवाला दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन येणार होता. मधल्या खोलीत कापूस छतापर्यंत, लेकरं त्याच्यातच उड्या मारत होती. तुम्हाला माहीत आहे रात्री काय करतात, कापसावर पाणी मारतात, वजन वाढते. नवऱ्यानं बादली भरून आणली. मी पाहिलं आणि गप्प राहिले, मीही काही बोलले नाही हे मला कबूल केलं पाहिजे. तेवढ्यात धाकटी, पाच वर्षांची, कापसातून डोकं काढून म्हणे, "बाबा, कापसाले तहान लागली का?"

ते तसेच उभे राहिले. मग बादली उचलून गोठ्यात गेले आणि बैलांना पाजली.

सकाळी वजन जे भरलं ते भरलं, भाव काही वाढून मिळाला नाही, कर्ज पुढच्या वर्षावर गेलं. पण मोठ्यानं सगळं पाहिलं होतं. त्यानं नंतर बापाला विचारलं, "सगळे मारते, मंग आपण काहून नाई?" आणि बापानं सांगितलं, "मारत होतो मी. देवानं थांबवलं." नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात पहिलंच वचन आहे की खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे. ते आम्ही पुष्कळ दिवसांनी वाचलं, तेव्हा दोघंही लेकरं बापाकडे पाहू लागली.

पीक गेलं. लेकरू विचारते, आपण एवढी प्रार्थना केली तरी देवानं असं काहून केलं? काय सांगू?

२०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडे कापूस खाल्ला तेव्हा माझ्या मोठ्यानं हेच विचारलं होतं, लहानच होता, एक बोंड फोडून आणलं होतं, आतमध्ये ती अळी. मला माहीत नाही असं मी त्याला म्हटलं. खोटं उत्तर देऊ नका. कोणी म्हणेल पापाची शिक्षा आहे, कोणी म्हणेल तुमचा विश्वास कमी पडला, हे लेकरासमोर बोलू देऊ नका, योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं, आणि येशू म्हणाला, याचंही नाही, आईबापाचंही नाही.

बायबलमध्ये तक्रार करायला जागा आहे हे लेकरांना दाखवा. तेरावं स्तोत्र "किती वेळ?" असं विचारतच सुरू होते. आणि हबक्कूक, छोटंसं पुस्तक, तीनच अध्याय, शेवटी तो काय म्हणतो, अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, कोंडवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आम्ही ते त्या वर्षी घरात आपल्या शब्दांत म्हटलं, पऱ्हाटीला बोंड नाही, तुरीला शेंग नाही. शेवटची ओळ म्हणताना नवऱ्याचा आवाज फुटला, म्हणता नाही आली, तर सासूबाईंनी म्हटली. एखाद्या दिवशी आपल्याला म्हणता येत नाही तर घरातलं दुसरं कोणी म्हणते.

अजून एक. बाप फार गप्प झाला असेल, झोपत नसेल, जेवत नसेल तर फक्त प्रार्थना करून थांबू नका. त्याच्याजवळ बसा, भावाला बोलवा, पाळकांना सांगा, डॉक्टरकडे न्या, फवारणीचं औषध घरात ठेवू नका. आपल्या भागात हे किती घरांनी पाहिलं आहे मी काय सांगावं.

आजोबा वारले तर लेकराला काय सांगायचं?

"देवानं नेलं" असं म्हणू नका, निदान एवढंच म्हणून सोडू नका. आमच्या ओळखीची एक पोरगी चार वर्षांची, तिला असंच सांगितलं, तर ती रात्री दाराला कडी लावा म्हणायची, देव आत येईल म्हणून. "झोपले" असंही नको, मग लेकरू झोपायला घाबरते. सरळ सांगा की आजोबांचं शरीर थांबलं, ते आता प्रभूजवळ आहेत, आपण त्यांना पुन्हा भेटणार आहोत पण आज नाही म्हणून आपल्याला रडू येऊन राहिलं. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशू रडला, थोड्या वेळानं त्याला उठवणार होता तरी रडला. रडणाऱ्या लेकराला विश्वास कमी आहे असं कोणी म्हणू नये. मातीला न्या, फूल ठेवू द्या.

नवरा प्रार्थनेला बसत नाही. पितो. मी एकटीच काय करणार?

तीमथ्याचा बाप ग्रीक होता, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सोळाव्या अध्यायात आहे, विश्वास घरात आईकडून आणि आजीकडून आला. तुम्ही एकट्या पडल्या असं समजू नका. फक्त लेकरांसमोर बापाला खाली पाडू नका, "तुझा बाप नरकात जाईल" असं तर कधीच नाही, लेकरू त्याच बापावर माया करते. त्याच्यासाठी लेकरांसोबत प्रार्थना करा, त्याचं नाव प्रेमानं घेऊन.

पण मारहाण होत असेल तर ते झाकायचं नाही. सहन करणं म्हणजे विश्वास असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. माहेरी सांगा, पाळकांना सांगा, लेकरांसाठी १०९८ नंबर आहे, बायांसाठी १८१.

मोबाईलवर बायबलच्या कार्टून गोष्टी दाखवल्या तर?

दाखवा, पण बाजूला बसून. एक गोष्ट झाली की बंद करा आणि विचारा, तुला कोण आवडलं. मोबाईल हातात देऊन आपण धुणं धुवायला गेलो तर दहा मिनिटांनी लेकरू दुसरंच काही पाहत असते.

बाप्तिस्मा कधी? लहानपणी की समजल्यावर?

आपापल्या मंडळीत विचारा. कॅथलिक घरांत बाळपणीच होतो आणि पुढं सात-आठ वर्षांच्या आसपास पहिला ख्रिस्तप्रसाद असतो, बऱ्याच मंडळ्यांत समजून-उमजून कबुली दिल्यावर पाण्यात होतो. १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तिथं तर दोन्ही पद्धती मान्य आहेत. याच्यावर भाऊबंदांत भांडणं होतात ती लेकरांसमोर नकोत.

लेकराची प्रार्थना ऐकली गेली नाही तर त्याचा विश्वास जाईल का?

धाकटीची बकरी आजारी पडली, पोट फुगलं होतं, ती रात्रभर तिच्याजवळ बसून म्हणत होती, "येशू, माह्या बकरीले बरं कर." जनावरांचा डॉक्टर सकाळी आला तोवर बकरी गेली. मला भीती वाटली की आता ही प्रार्थना करणार नाही. तीन दिवस केलीही नाही, मी बळजबरी केली नाही. चौथ्या दिवशी जेवायच्या वेळी तिनं स्वतःच डोळे मिटले आणि म्हणाली, "येशू, मी तुह्यावर रागावली हाव. भाकर दिली, थँक्यू." मोठी माणसं देवाशी एवढं खरं बोलत नाहीत. तिला कोणी टोकलं नाही.

दान द्यायला कसं शिकवावं?

तुमच्या हातातली नोट लेकराच्या हातात देऊन टाकायला लावू नका, ती त्याची नसते. आमच्याकडे कोंबडी लेकरांच्या नावावर आहे, दहा अंडी झाली की एक मंडळीतल्या म्हाताऱ्या मावशीला जाते, लेकरंच नेऊन देतात. ती मावशी त्यांना बसवते, गुळाचा खडा देते. बस.

शेजारची लेकरंही गोष्ट ऐकायला येऊन बसतात. बसू द्यावं?

त्यांच्या आईबापांना आधी सांगा, तोंडावर, की आम्ही येशूच्या गोष्टी सांगतो, चालेल का. हो म्हटलं तर बसू द्या, नाही म्हटलं तर लेकराला खाऊ द्या आणि प्रेमानं घरी पाठवा. लपूनछपून काहीच करू नका.

नाताळात लेकरांसाठी काय करावं? शहरासारखी सजावट आम्हाला परवडत नाही.

स्टार लावा, करंज्या-चकल्या करा, कॅरोलला घरोघर जा. पण आपल्याजवळ एक वस्तू आहे जी शहरात थर्माकोलची करावी लागते, गव्हाण. लूकच्या दुसऱ्या अध्यायात आहे ना, मरियेनं बाळाला गव्हाणीत ठेवलं. तर २४ तारखेच्या रात्री लेकरांना कंदील घेऊन गोठ्यात न्या आणि ते वचन तिथं वाचा, शेणाच्या वासात, बैल रवंथ करत असताना. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा धाकटीनं गव्हाणीत हात घातला, आतमध्ये कुटार, बैलाच्या लाळेनं ओलं झालेलं. हात मागे घेतला आणि म्हणे, "माय, हे तं टोचते." आणि पळाली. मला वाटलं घाबरली, पण ती मधल्या खोलीतून पोटाशी धरून वेचलेला कापूस घेऊन आली आणि गव्हाणीत पसरू लागली, पुन्हा गेली, पुन्हा आणला, तीन वेळा. नवरा काही म्हणणार होता, कापूस विकायचा होता, पण म्हणाला नाही. सकाळी पाहिलं तर अर्धा कापूस बैलानं खाल्लेला आणि उरलेल्यात मांजर झोपली होती.